चाळीस जणींचा बिल्ला

शिलाईच्या त्या हॉलमध्ये बाया चाळीस, संडास दोन आणि बिल्ला एक. बिल्ला म्हणजे तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, मुकादमाच्या खुर्चीमागे खिळ्याला टांगलेला. तो जिच्या हातात असेल तिनेच उठायचं. बाकीच्यांनी मांड्या आवळून मशीन चालवायची.

काल काजं करणाऱ्या काजवालीची धाकटी जाऊ कॉलर शिवता शिवता स्टुलावरच ओली झाली. आठवा महिना. लघवी तुंबवलीस तर वेळेआधी बाळंत होशील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. निम्म्या बाया मोठ्यानं हसल्या. उरलेल्या पदराआड हसल्या, कारण त्या सभ्य.

आज काजवालीनं आपला नंबर येताच बिल्ला नेला आणि संडासाच्या झरोक्यातून मागच्या नाल्यात भिरकावला. हात पुसत बाहेर आली.

"गेला नाल्यात! जा आता मोकळ्या, जिला जेव्हा लागेल तेव्हा."

मुकादमानं वर्तमानपत्रातून डोकं काढलं, रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाला आणि डोकं परत आत घातलं. ओरडला नाही, कोणाला अडवलंही नाही.

आणि एक तरी बाई उठली असेल तर शपथ!

"असं कसं उठायचं? काही शिस्त नको?" बटणवाली म्हणाली. सकाळपासून सगळ्यात जास्त चुळबुळ तिचीच चालली होती.

"आणि दोघी एकदम उठल्या तर?"

"दोन संडास आहेत, मेल्यांनो!"

"तुझं काय जातंय बोलायला? तू आलीस जाऊन. नंबर आमचा बुडाला."

सुंभ जळाला तरी पीळ जाईना. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तोंडं पिवळी पडली, तेव्हा बाया कामाला लागल्या. एकीनं कॉलरमध्ये घालायचं कडक बक्रम दिलं, एकीनं लाल दोरा. शिवायला बसली कोण? धाकटी जाऊ. जिच्यासाठी हे सगळं केलं, तीच! कोपरे गोल, दुहेरी टाका, वर टांगायला नाडी. कॉलरवर तिनं कधी एवढा जीव लावला नव्हता.

नवा बिल्ला घेऊन दहा-बाराजणी मुकादमाकडे गेल्या.

"टाका छान आहे हो," तो म्हणाला.

धाकटी लाजून लाल झाली. बक्षीस म्हणून पहिला नंबर तिचा.

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. काजवालीनं मशीन बंद केली आणि कोणाला न विचारता संडासात जाऊन बसली. मुकादमानं मानही वळवली नाही. ओरडल्या त्या बाया.

बाहेर आली तर धाकटी समोर उभी, एका पायावरून दुसऱ्या पायावर, बिल्ला छातीशी धरून. शेजारच्या संडासाचं दार सताड उघडं.

"अगं, इथे काय उभी? त्यात जा की!"

"आत तुम्ही होता ना, जाऊबाई. एका वेळी एकीनंच जायचं."

काजवालीनं तिला खांद्याला धरून त्या उघड्या संडासात ढकललं. दार लागलं, परत किलकिलं झालं, फटीतून हात आला.

"हा धरा जरा. नवा आहे, ओला होईल."

काजवालीनं धरला. वळली तर बटणवाली मागे येऊन उभी, आवाजात साखर घोळवत.

"ताई, हिच्यानंतर मला द्याल ना?"

काजवाली नुकतीच ज्यातून बाहेर आली होती, तो संडास तिच्या पाठीशी रिकामा होता.

"थांब," ती म्हणाली. "आधी तिला बाहेर येऊ दे."