वेणूचं प्रस्थान

वेणूची वैमानिकाच्या नोकरीची मुलाखत सोमवारी मुंबईला, आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूल, म्हणजे त्या दिशेला प्रवास वर्ज्य! आमच्या अण्णांपुढे ब्रह्मदेवानंही हात टेकावेत. पण या आमच्या वडिलांकडे अडचण तशी तोडही तयार. शनिवारी चांगली वेळ बघून त्यांनी सुपारी, हळकुंड आणि वेणूची एक वस्तू पंचात बांधली आणि चार घरं पलीकडे नागप्पाकडे नेऊन ठेवली. झालं प्रस्थान! सामान निघालं म्हणजे माणूस निघाला, आता रविवारी खुशाल जावं.

आठवडाभर मी धाकट्या भावाची तयारी घेत होते. "इंजिन मध्येच बंद पडलं तर काय कराल?" असं मी ओसरीवर मोठ्यानं मराठीत विचारायचं आणि वेणूनं इंग्रजीत फाडफाड उत्तर द्यायचं. रविवारी संध्याकाळी ट्रंक भरताना कळलं, गाठोड्यातली ती वस्तू म्हणजे त्याचं विमान चालवायचं लायसन!

"अहो अण्णा, टोपी ठेवायची होती, धोतर ठेवायचं होतं!" मी कपाळावर हात मारून घेतला.

आम्ही तिघं धावलो, तर नागप्पाच्या दाराला कुलूप. वेणूचा चेहराच उतरला. शेजारची अक्कम्मा म्हणाली, "समदी दुधनीला लग्नाला गेल्यात की. मंगळवारी येनार."

"आणि किल्ली?"

"तुमच्या अण्णांकडंच दिलीया की."

मी गर्रकन वळले. "म्हणजे लायसन मुद्दामच ठेवलंत, अण्णा?"

"तू रोज विचारतेस, इंजिन बंद पडलं तर काय," अण्णा खाली बघत म्हणाले. "तो इंग्रजीत सांगतो. मला नुसता प्रश्नच कळतो गं."

वेणूनं किल्ली मागितली नाही. अण्णांनीच जानव्याला बांधलेली किल्ली सोडायला घेतली. गाठ सुटता सुटेना. शेवटी कुलूप उघडून त्यांनी गाठोडं त्याच्या हातात दिलं. वेणू घराकडे वळला तसे अण्णा ओरडले, "प्रस्थान माघारी नेत नाहीत! इथूनच स्टेशनवर जा."

"अहो, ट्रंक घरी, बूट घरी!" वेणू म्हणाला.

"लीला आणील."

आणते बापडी! पदरानं डोळे पुसत, शास्त्राच्या नावानं बोटं मोडत मी ट्रंक ओढत आणली. दोघं नागप्पाच्या पायरीवर बसले होते.

"वाऱ्याकडे तोंड करायचं, अण्णा, आणि मोकळं शेत बघून अलगद उतरायचं," वेणू सांगत होता.

गाडीची वेळ होत आली होती, आणि अण्णा म्हणत होते, "पुन्हा सांग."