न धुतलेला घोळाणा

हरभऱ्याचा पाला धुवायचा नसतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पानांवरची आंब, म्हणजे तो आंबट-खारट ओलावा, पाण्यानं निघून जातो. मग घोळाण्यात उरतं काय? गवत!

आणि घोळाणा खावा तर माझ्याच हातचा. कवळे शेंडे, कांदा, मिरची, शेंगदाण्याचा कूट, वरून कच्चं तेल, आणि सगळं हातानं घोळायचं. शिजवायची भानगडच नाही.

विमलआत्या कॅन्सरच्या उपचारांसाठी आमच्याकडे नेरला राहत होती. केमोनं तिच्या तोंडाची चवच नेली होती. "सलोने, वरण खाल्लं का माती खाल्ली, सारखंच लागते मले," म्हणायची. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं, पांढऱ्या पेशी फार कमी झाल्यात, बाहेरचं काही देऊ नका. बाहेरचं! आमचं वावर कुठं बाहेरचं?

त्यात मी त्या आठवड्यात हवेत होते. शाळेच्या विज्ञान मेळाव्यात 'पांढऱ्या पेशी: रक्तातले शिपाई' यावर बोलले आणि टाळ्या थांबेचनात. गेल्या वर्षीपर्यंत नुसत्या हजेरीलाही माझं नाव दोन-दोनदा घ्यावं लागायचं! घरी येऊन आत्यालाही अख्खं भाषण हातवाऱ्यांसकट ऐकवलं.

"बाई बाई, डॉक्टरीणच झाली माही पोरगी!" ती म्हणाली.

रविवारी ह्या डॉक्टरणीनं ओटीभर शेंडे खुडून आणले. धुतले नाहीत. आत्यानं घास घेतला आणि डोळे मिटले.

"लागून राह्यलं वं! जिभेले आंबट लागून राह्यलं!"

मी तिला घोळाणा आणखी वाढला.

मंगळवारी माझ्या पोटात मुरडा आला. दोन-तीनदा पळाले. दादा, म्हणजे अमर, खिदळला, "भाषण पचलं नाही वाटते हिले!" त्यानंही तोच घोळाणा चापला होता, त्याला काहीच झालं नाही. दुपारपर्यंत मीही बरी होऊन भाकर खात होते. आत्याला मात्र जुलाब सुरू झाले, थंडी वाजून ताप भरला, आणि संध्याकाळी तिला उभंही राहवेना. बाबांनी गाडी करून तिला यवतमाळला, मॅडमच्या दवाखान्यात आणलं. मी सोबत होते.

मॅडमनी लगेच सलाईन आणि इंजेक्शन सुरू केलं. मग विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"वरण-भातच, मॅडम," बाबा म्हणाले. "बाहेरचं काहीच नाही."

मॅडमनी आत्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली, काही नाही. मग आत्यानं माझ्याकडे पाहिलं. गप राहा, असं.

अख्ख्या शाळेसमोर दणाणलेला माझा आवाज कुठं गेला कोण जाणे. दादा तर घरी होता. मी बोलले नसते तर कुणाला कळणार होतं?

"मी घोळाणा दिला," मी म्हणाले. "कच्चा. पाला धुतला नव्हता."

"काहून दिला वं?" बाबा ओरडलेच. "बाहेरचं नको म्हणून सांगितलं नव्हतं का तुले?"

"वावर तर घरचंच आहे ना, बाबा." माझं मलाच ते ऐकवेना.

"शेतात शेळ्या शिरतात का?" मॅडमनी विचारलं.

"शिरतात."

"अजून कोणी खाल्लं?"

"मी आणि दादानं. मला थोडंसंच झालं."

"तुझ्या पांढऱ्या पेशी पुरेशा आहेत. लेंड्यांतून पाल्यावर आलेल्या जंतूला त्यांनी आतड्यातच गाठलं. ह्यांच्याकडे आत्ता त्या जवळजवळ नाहीतच. तोच जंतू ह्यांच्या रक्तातही उतरू शकतो."

हे मला पाठ होतं. मेळाव्यात मी हेच म्हणाले होते, जरा जास्त जोरात.

मॅडमनी शौचाची तपासणी आणि आणखी एक औषध लिहिलं. बाबा चिठ्ठी घेऊन धावले. ताप उतरेपर्यंत काही सांगता येणार नाही, एवढं बोलून मॅडम पुढच्या खाटेकडे गेल्या.

"कायले सांगितलं?" आत्या पुटपुटली. "आता जलमभर घोळाणा देणार नाही मले कोणी. आन् मीच आवडीनं खाल्ला ना!"

"पहिला खाल्लास. दुसऱ्यांदा तू मागितला नव्हतास, आत्या. मीच वाढला. तू पुन्हा 'वा!' म्हणावंस म्हणून."

तिनं हात पुढं केला. मी धरायला गेले आणि थांबले. आधी बेसिनवर जाऊन साबणानं हात धुतले, बोटांच्या बेचक्यांसकट. मग तिचा हात धरला.

अजून तापलेलाच होता.