उंदरांचं औषध

मी माळकरी माणूस. शेजारच्या ताहेराभाबीच्या दोन कोंबड्या अंगणात आल्या की मी तोंड फिरवून बसायचो. काय टिपतात, काय खातात, बघायचंसुद्धा पाप नको. दाणेच खात असतील, कोंबडीला दुसरं काय लागतं! एवढंच माझं शहाणपण.

सदुसष्ट साली मानमोडीच्या रोगानं आमच्या गावातल्या कोंबड्या पटापट गेल्या, वाचल्या त्या या दोनच. भाबीचा नवरा रहेमतुल्ला क्षयानं अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी त्याला रोज अंडं सांगितलं होतं. "उकंडराव, घरात कमावत्या ह्या दोघीच," तो खोकत हसायचा, "मी त नुसता खाऊन राह्यलो."

तेव्हाच माझ्या कणगीत उंदरांनी उच्छाद मांडला. त्यांना मारायला माळ काही आडवी आली नाही. औषध पिठात कालवलं, आणि कोंबड्यांची आठवण ठेवून गोळ्या बिळात खोल सारल्या. चोच तिथं पोचणार नव्हती.

सकाळी झिंगलेले उंदीर अंगणात निघाले. कोंबड्यांनी झडप घातली, आपटून मारले, गिळले. मी पाठ फिरवून तुळशीला पाणी घालत होतो. हे सगळं बायकोनं नंतर सांगितलं.

दुपारी दोघींनी माना टाकल्या. भाबी सुरी घेऊन धावली. आपोआप मेलेली कोंबडी त्यांच्यात चालत नाही. जीव आहे तोवर हलाल केली तर नवऱ्याला निदान रस्सा तरी मिळेल.

"भाबी, कापू नका!" मी कुंपणावरून ओरडलो. "इख हाये त्याईच्या पोटात. उंदरांसाठी म्याच टाकलं."

तिनं सुरी खाली ठेवली. "भाऊ, एक शब्द सांगतला असता, त टोपल्याखाली कोंडून ठेवल्या असत्या."

पुढच्या बाजाराला मी भाबीसाठी दोन कोंबड्या आणायला गेलो. जन्मात पहिल्यांदा त्या हातात धरल्या. एसटीत लोक हसले. चांगल्या तुकतुकीत बघून आणल्या होत्या. भाबीनं त्यांच्यावरून हात फिरवला आणि टोपल्याखाली ठेवल्या. त्या तलंगा होत्या, अंड्यावर यायला अजून दोन-अडीच महिने. मग दर बाजाराला अंडी आणू लागलो, पण मिळायची थोडी, ती चार दिवसांत संपायची.

रहेमतुल्ला महिन्याभरात गेला. तो तसाही राहणार नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. म्हणाले असतील. माझं मन ऐकत नाही.

त्याच्या चाळिसाव्याच्या सकाळी भाबी कुंपणापाशी आली. तळहातावर पहिलं अंडं होतं, लहानसं, अजून कोमट.

"भाऊ," ती म्हणाली, "आता हे कोणाले देऊ?"