खाली न उतरणारा माणूस

क्रेनवाला सकाळी वर चढला की जेवणाच्या सुट्टीशिवाय खाली येत नाही, याचं साऱ्या साइटवर भारी कौतुक होतं. चाळीस मीटरची लोखंडी शिडी उतरून लघवीला जायचं आणि पुन्हा चढायचं, म्हणजे अर्धा तास काम बंद. म्हणून पठ्ठ्यानं पाणी पिणंच सोडलं होतं! घसा सुकला, डुलकी आली, की एनर्जी ड्रिंकचा डबा. दोरीच्या पिशवीतून ते डबे वर पाठवायचे त्याचे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. खालून वॉकीटॉकीवर इशारे देण्याचं कामही त्यांचंच.

त्या दिवशी अकरा वाजेपर्यंत तीन डबे रिचवून झाले होते. हुकाला काँक्रीटचा अख्खा जिना लटकत होता आणि तो बसवायला खाली पाच माणसं उभी होती. दाजी त्यांतलेच एक.

"डावीकडे घे. सावकाश."

त्यानं लिव्हर सरकवला आणि छातीत काहीतरी धडपडलं. एक ठोका चुकला, मग दहा एकदम धावत आले. हात लटपटू लागला आणि जिना झोके घेऊ लागला.

"अरे, काय करतोस? हळू!"

सांगावं का? सांगितलं तर इतक्या वर्षांचं नाव मातीत! तेवढ्यात जिना दाजींच्या डोक्यावरून गेला आणि परत फिरला. बहिणीचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढे आला.

"दाजी, पळा! सगळ्यांना बाजूला घ्या! हात माझं ऐकत नाहीये!"

"लिव्हर सोड! ब्रेक आपोआप लागेल. सोड म्हणतो ना!"

त्यानं एकेक बोट उचललं. ब्रेक लागला. जिना डुलत डुलत थांबला. कोणाला खरचटलंही नाही. दुसऱ्या चालकानं वर चढून जिना खाली टेकवला आणि क्रेनवाल्याला धरून उतरवलं.

दवाखान्यात त्याची नाडी भरली एकशे चाळीस.

"थकवा गेला असं वाटायचं ना?" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "तो कुठं जातोय! डब्यातलं कॅफीन त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचू देत नाही, एवढंच. त्यात डब्यामागून डबा, आणि पाण्याचा थेंब नाही! काळीज उधळेल नाही तर काय?"

"पण बाई, चहा-कॉफी तर सगळेच पितात," दाजी चाचरत म्हणाले.

"दिवसाला एक-दोन कप वेगळे. झोपेच्या जागी डबे पिणं वेगळं."

दाजींनी मान खाली घातली. "डबे पाठवणारा मीच. आणि आमचा मेव्हणा खाली उतरत नाही, अशी फुशारकी मारणाराही मीच!"

"मलाही तेच ऐकायला आवडायचं, दाजी," तो रडवेला झाला. "दमलो म्हणायची लाज वाटायची."

साहेबांनी नियम केला, दर दोन तासांनी क्रेन थांबणार. पंधरा दिवसांनी तो कामावर आला. पहिल्या सुट्टीला खाली उतरून घटाघट पाणी प्यायला, तेव्हा कोणीतरी चिमटा काढलाच, "काय हो, दमलात?"

"हो, दमलो," तो म्हणाला आणि सावलीत बसला.

मंडळी, न थकणारा म्हणून आपण ज्याची पाठ थोपटतो, त्याला आपणच दमायची बंदी घालत असतो. तुमच्या घरात, कचेरीत कोणी दमलो म्हणालं तर हसू नका, हातात डबाही देऊ नका. पाणी द्या, बसू द्या, झोपू द्या. त्याचा जीव त्यानं वाचवायचा आहेच, पण त्याला थांबायची मुभा आपणच द्यायची आहे!