मोर म्हणायचं नाही

चौऱ्याहत्तर साली आमच्या जरीपटक्यातल्या नत्थूजींनी एक नवाच पक्षी जन्माला घातला. अंग मोराचं, पिसारा मोराचा, डोक्यावर मात्र लाल तुरा. खाली, ज्यांचे डोळे फार चांगले त्यांच्यासाठी, बारीक अक्षरांत ‘कोंबडा छाप काळे दंतमंजन’. पुडीचा पिवळा कागद, हिरवी गोल चौकट, दोऱ्याची गाठसुद्धा हुबेहूब देवरावांच्या मोर छाप मंजनासारखी. गिऱ्हाईक मोर मागायचं आणि कोंबडा घेऊन जायचं. तोंड दोन्हींनी सारखंच काळं व्हायचं.

देवरावांनी दावा लावला आणि नत्थूजींची झोप उडाली. हरलो तर धंदा बंद, आणि बाजारात ‘नकली नत्थू’ हे नाव मरेपर्यंत चिकटणार. ताटावरून अर्ध्यातच उठायचे. भिंतीवरचं सरस्वतीचं कॅलेंडर, त्यात मोर होता म्हणून, त्यांनी पाठमोरं करून टाकलं.

वकील म्हणाले, “आपला पक्षी कोंबडाच, यावर केस उभी आहे. दुकानात बायको बसते ना? तिला साक्षीला आणा. पण तिच्या तोंडून मोर निघाला, की संपलं.”

घरात तालीम सुरू झाली. शेजारी म्हणून मी हजर असायचो; चहा मिळायचा.

“रुखमे, हे काय आहे वं?”

“मोर.”

“अवं, कोंबडं! कोणी मोर म्हटलं तं तू काय म्हणशील?”

“मोर नाही जी, कोंबडं.”

“पुन्हा म्हण.”

“काहून डोकं खाऊन राहिले जी? समजते मले.”

“इथं मले घाम फुटून राहिला, अन् तुले समजते!”

पुढं रुखमाबाई भाकरी थापतानाही ‘मोर नाही जी, कोंबडं’ पुटपुटायला लागल्या. त्या दिवशी नत्थूजी पोटभर जेवले.

तारखेला रुखमाबाई साक्षीला उभ्या राहिल्या. पदर घट्ट, नजर जमिनीवर, आणि पिंजऱ्यापासून चांगले चार हात मागं. शिपाई म्हणाला, “बाई, मोरं या.” म्हणजे पुढं या. आमच्याकडं सगळे तसंच म्हणतात.

रुखमाबाई ठणकावून बोलल्या, “मोर नाही जी, कोंबडं!”

कोर्टात कोणी हसलं नाही, कारण जज्जसाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला. “बाई, पुडी अजून कोणी दाखवलीच नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

रुखमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. तालीम एवढ्याच वाक्याची झाली होती.

“यायनंच जी.”

वकील कागद आवरायला लागले. जज्जसाहेबांनी दोन्ही पुड्या शेजारी शेजारी मांडल्या, बराच वेळ पाहिल्या आणि नत्थूजींना बोलावलं.

“चला नत्थूजी,” शिपाई म्हणाला, “मोरं या.”

नत्थूजींचा पाय काही उचलेना.