आत्याचा अंगठा

चित्रकार तसा गरीब माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या सकाळी त्याने ब्रश असा काही आपटला की शाईचे शिंतोडे पंख्यापर्यंत गेले. आपटेल नाहीतर काय करेल? तीन महिने मान मोडून काढलेला 'डिटेक्टिव्ह बदक' या चित्रकथेचा नवा अंक छापखान्यातून बाहेर पडायच्या आतच एका फुकट्या वेबसाइटवर येऊन बसला होता. अख्खा! बत्तीसच्या बत्तीस पानं!

वर प्रकाशकाचा फोन. "शुक्रवारपर्यंत चोर आणून उभा करा. नाहीतर बदक बंद."

बदक बंद म्हणताच बिचाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. नऊ वर्षं त्याने दुसरं काही काढलंच नव्हतं. घोडा काढायला घेतला तरी त्याला चोच फुटायची.

मग तो ती वेबसाइट निरखून बघायला बसला. पानांचे मोबाइलने फोटो काढलेले, आणि प्रत्येक फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात एक अंगठा. पान दाबून धरणारा, नख मधोमध दुभंगलेला. आणि वाचक? धन्य ते वाचक! त्यांना वाटलं, अंगठा गोष्टीतलाच आहे.

"खरा गुन्हेगार अंगठाच! बदकाच्या पाठीमागे सतत असतो, पण त्या येड्याला दिसतच नाही," एकाने लिहिलं होतं. दुसरा म्हणत होता, "सोळाव्या पानावर अंगठा थरथरलाय. घाबरलाय तो." आणि तिसऱ्याने कहर केला होता. "बदक ठीकठाक, पण अंगठा काय काढलाय! जिवंत!"

नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी एवढं तोंडभरून कौतुक केलं, आणि तेही न काढलेल्या चित्राचं. चित्रकाराला रडावं की हसावं कळेना.

तो तडक छापखान्यात गेला आणि एकेकाला हात पुढे करायला लावू लागला. मशीनवाल्याने हात पुसून तळवा समोर धरला. "बघा हो, परदेशी जायचा योग आहे का?" रंग भरणारीने तर साफ सांगितलं, की माझ्यावर संशय असेल तर बदकाला स्वतःच रंगवा. शेवटी हात हलवत घरी आला, खुर्चीत कोसळला. घरात आत्या होती, तिने समोर चहाचा कप ठेवला. बशीच्या कडेवर तिचा अंगठा होता, मधोमध दुभंगलेल्या नखाचा.

घ्या! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"आत्या! तू?"

"मी काय?"

"वेबसाइटवर तू टाकलंस?"

"मग? तुझी पानं टेबलावर वाळत पडलेली असतात. वाळली की मेल्यांची सुरळी होते, म्हणून धरावी लागतात," आत्या म्हणाली. जणू आक्षेप अंगठ्यालाच होता.

"अगं, चोरी आहे ती!"

"चोरी कसली? टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरीला होते तेव्हाच्या माझ्या मैत्रिणी चार दिशांना पांगल्यात. प्रत्येकीला तुझं बदक वाचायचंय. छापील अंक मिळतो एका दुकानात, तेही प्रकाशकाच्या जिन्याखाली. त्याचं ॲप उघडावं तर ते जन्मतारीख विचारतं, पासवर्ड विचारतं, आणि सगळं सांगून झालं की म्हणतं, तुमच्या भागात उपलब्ध नाही. प्रकाशकाला अकरा मेल केले मी. ढिम्म! मग वाचायचं कुठे रे त्यांनी? माझ्या कपाळावर?"

आत्या चुकत होती, आणि खरंही बोलत होती. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं, पहिला रंगाचा डबा हिनेच आणला. हिला चोर म्हणून उभं करायचं? त्यापेक्षा बदक मेलेलं परवडलं. शुक्रवारी तो एकटाच निघाला. "चोर मीच आहे," असं सांगायचं त्याने पक्कं केलं होतं. पण आत्या चपला घालून दारात हजर.

प्रकाशकासमोर तो तोंड उघडणार, तोच ती म्हणाली, "मी टाकलं. काय करायचं ते करा."

प्रकाशक लालबुंद झाला. विश्वासघात म्हणाला, पोलीस म्हणाला, वकील म्हणाला, टेबलावर मूठ आपटली. मग पाणी प्यायला आणि खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "बरं, पुढच्या अंकात तरी तो अंगठा पकडला जातो का?"

छापील अंकात अंगठा नव्हता.

"साहेब," चित्रकार म्हणाला, "तुम्ही कुठे वाचलंत?"

"ते... आपलं ॲप माझ्या फोनवर उघडत नाही हो," प्रकाशक पुटपुटला.

त्यानंतर पोलिसांचा विषय निघाला नाही. महिन्याभरात ॲपचे सगळे नखरे गेले. कुठूनही, कुठल्याही फोनवर, चहाच्या किमतीत बदक वाचता येऊ लागलं. आत्याने आपले फोटो काढून टाकले. मैत्रिणींनी रीतसर विकत घेतलं, आणि दुसऱ्याच दिवशी तक्रारींचा पाऊस पडला: पैसे मोजले, अंगठा कुठाय?

शेवटी चित्रकाराने आत्याला समोर बसवून अंगठा काढला. नखासकट. पहिल्या पानावर छापलं, 'अंगठा: आत्या'. आत्याने तो अंक शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. विचारलं त्यांना दाखवला, नाही विचारलं त्यांनाही.

आणि एका दुपारी ती फोन नाचवत खोलीत आली. "बघ, बघ हे! कुणीतरी माझा अंगठा उचलून बनियनवर छापलाय! विकतोय मेला! मला विचारलं नाही, नाव नाही, काही नाही! ही काय रीत झाली?"

चित्रकार ब्रश हातात धरून तिच्याकडे नुसता बघत राहिला.

आत्या हळूहळू खाली बसली.

"तुला असंच झालं होतं का रे?" तिने विचारलं.

"हो गं."

"मग तेव्हा तसं बोलला का नाहीस?"

"तू आणलेला चहा निवत होता," तो म्हणाला. आत्याने डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.