उशाशी मावेल एवढी

"चाकांची नको."

दुकानदाराने मोठ्या हौसेने गरकन फिरवून दाखवलेली बॅग भिमाबाईंनी एका हाताने अडवली आणि त्याच्याकडेच परत ढकलली.

"अहो मावशी, तुमच्या वयाला चाकांचीच बरी. खांद्याला ओझं नाही, कंबरेला त्रास नाही. नुसती ओढत न्यायची."

"तीच तर खोड हाय तिची. ओढायची म्हटलं का माणूस भरीतच जातं. मला हातात धरायची दाखव. दोन दिवसाची."

नाशिकमधल्या शालिमारच्या त्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून दुकानदाराने चिडायचं टाळलं. बरोबर आलेली राखी मात्र तोंडाला ओढणी लावून हसत होती. राखी ही सातपूरच्या कॉलनीतली त्यांची शेजारीण आणि स्कूटर शिकवणारी गुरू. गुरू तिशीतली, शिष्या साठीला टेकलेली.

भिमाबाईंनी एका दवाखान्यात आया म्हणून जन्म काढला होता. तीन वर्षांपूर्वी मल्हारी, त्यांचे मिस्टर, गेले. मागे राहिलं दोन खोल्यांचं घर आणि जिन्याखाली कव्हर घालून ठेवलेली त्यांची स्कूटर. संसारात मल्हारींनी गाड्या दोन-तीनदा बदलल्या, पण भिमाबाईंची मागची जागा काही बदलली नाही. एकदा बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन रिक्षासाठी ताटकळताना त्यांच्या मनाने घेतलं, की दारात गाडी असून आपण रस्त्यात का उभ्या? त्याच संध्याकाळी त्यांनी राखीला गाठलं. मग गंगापूर रोडच्या मोकळ्या मैदानात पडणं झालं, गुडघे फुटणं झालं, आणि एक दिवस गाडी सरळ चालूही लागली.

फक्त लायसन तेवढं हुकलं होतं. ते हुकलं निळ्या बॅगेपायी.

ती चाकांची मोठी निळी बॅग मुलाने, भूषणने, पुण्याहून आणून दिली होती. चार दिवसांसाठी म्हणून लेकाकडे निघायचं, तर बॅगेत दोन साड्या जायच्या आणि मग उरलेली जागा दिसायची. जागा रिकामी ठेवून लेकाच्या घरी जायचं म्हणजे काय! मग कुरडया, पापड, काळा मसाला, निफाडच्या भावाने दिलेले मनुके आणि सगळ्यात वर कांदे. जागा आहेच म्हणून आणखी दोन साड्या. नाकापेक्षा मोती जड. पुण्यात पोचलं की मसाले स्वयंपाकघरात जात, साड्या कपाटात लागत आणि सून म्हणे, "आई, चाकं किती घाण झालीत. माळ्यावर टाकू या."

एकदा बॅग माळ्यावर चढली की ती खाली मागायची भिमाबाईंना भीड पडे. भीड भिकेची बहीण, हे त्या जगाला सांगत, तरी पडे. सून हर्षाली वाईट नव्हती आणि लेक तर नव्हताच. दोघांच्या नोकऱ्या, नात मैत्री लहान. घरचं माणूस हाताशी असल्यावर कोण सोडतं? चार दिवसांचे चार महिने झाले आणि तेवढ्यात इकडे कच्च्या लायसनची मुदत उलटून गेली.

आता दुसऱ्या कच्च्या लायसनची मुदतही पुढच्या आठवड्यात संपत होती. बुधवारी पेठ रोडच्या आरटीओत परीक्षा. त्याआधी रविवारी पुण्यात मैत्रीचा सहावा वाढदिवस. वाढदिवसाला न जाणं शक्य नव्हतं आणि मंगळवारी परत न येणं परवडणारं नव्हतं. यातलं भूषणला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर त्याने आधी स्कूटरच विकून टाकली असती.

म्हणून ही बॅग.

भिमाबाईंनी कापडी पिशवीतून घरून आणलेलं सामान काढून काउंटरवर मांडलं. दोन साड्या, टॉवेल, गोळ्यांचा डबा, कुरडयांची एक पुडी, नातीसाठी घेतलेला फ्रॉक. दुकानदाराने काढलेल्या पहिल्या बॅगेत सगळं गेलं आणि वर हातभर जागा राहिली.

"ही नको. जागा उरती."

"उरली तर चांगलंच की!"

"उरली का कांदे शिरत्यात."

दुसरीचा पट्टा त्यांनी दोन्ही हातांनी ओढून पाहिला, तर शिवण करकरली. तिसरी मरून रंगाची होती, जाड कापडाची, दोन बळकट बंदांची. सामान तिच्यात शिगोशीग बसलं आणि चेन कुठे न अडता लागली. भिमाबाई ती हातात घेऊन दुकानाच्या दोन पायऱ्या उतरल्या, चढल्या. मग ती काउंटरवर आडवी ठेवून त्यांनी चक्क तिच्यावर गाल टेकला आणि डोळे मिटले.

"मावशी, बरं वाटत नाही का?" दुकानदार घाबरला.

"उशाशी मावती का बघते. हिला मी माळ्यावर चढूच देणार नाय," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "हीच बांध."

वाढदिवस झकास झाला. माहेरवाशिणीच्या तोऱ्यात भिमाबाई दोन दिवस लेकाच्या घरी मिरवल्या. हर्षालीने "आई, बॅग ठेवून देऊ?" विचारलं तेव्हा "एवढीशी तर हाय, राहू दे माझ्यापाशी" म्हणून त्यांनी बॅग उशाशी ठेवली. साड्या कपाटात लागल्या नाहीत. मोहीम फत्ते होत आली होती.

मंगळवारी सकाळी त्या आंघोळ करून बाहेर आल्या, तर उशाशी बॅग नव्हती.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. निघालेल्या पाहुण्याची पिशवी पोरांनी लपवायची. कुणी लपवली नाही, तर आपण इथे जड झालो असं पाहुण्याला वाटायचं. ही रीत त्यांनीच गोष्टी सांगता सांगता मैत्रीला शिकवली होती. आपल्याच हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला होता. निळी बॅग लपवायची तर माळ्याशिवाय जागा नव्हती. ही कुठेही मावत होती. बॅग निवडताना सगळा विचार केला आणि नेमका हाच राहिला.

पलंगाखाली पाहिलं. कपाटं पाहिली. गॅलरीतल्या तुळशीमागे पाहिलं. मैत्री सोफ्यावर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली होती.

"आई, राहाच ना," हर्षाली डबे भरता भरता म्हणाली. "मैत्रीला सांभाळणारी ताई गावी चाललीय. नवीन बाई मिळेपर्यंत तरी."

"आणि दोन साड्यांसाठी काय एवढं शोधतेस?" बूट घालत भूषण हसला. "सापडली की जा. आज नाही तर रविवारी."

"साड्या ऱ्हाऊ दे रे. माझं कच्चं लायसन हाय तिच्यात."

भूषणचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला. "कसलं लायसन?"

"गाडीचं. तुझ्या बापाच्या गाडीचं. उद्या परीक्षा हाय माझी."

"आई, वेड लागलंय का तुला? या वयात? कुठे आपटलीस, हातपाय मोडले तर करणार कोण? कुठं जायचं असेल तर रिक्षा आहे, मी आहे."

"तू इथं हाय, मी तिथं हाय," भिमाबाईंचा आवाज चढला आणि चढताच भरून आला. "आधी दवाखान्यातून न्यायला तुझा बाप यायचा, त्याची वाट बघितली. तो गेला, आता रिक्षाची बघते. इथं आले का कुणी बॅग काढून देईल म्हणून वाट बघते. मला तुमची माया कळती रे. पण मला माझं मी येऊ दे, माझं मी जाऊ दे. मग बघ, दर महिन्याला येते का नाय."

हर्षाली हातात पोळी तशीच धरून सासूकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत या बाईने आपल्याकडे काही मागितलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं आणि लाज वाटली.

"आजी," मैत्रीने तोंडावरचे हात काढले, "तू मला मागं बसवशील?"

"पास झाले तर तुलाच पहिली."

मैत्री पळत मोरीकडे गेली. वॉशिंग मशीनचं दार उघडून तिने चादरींच्या ढिगाखालून मरून बॅग ओढून काढली.

"अगं बाई, मी आत्ता मशीन लावणार होते!" हर्षाली किंचाळली. मग भूषणच्या तोंडाकडे न बघता तिने आपल्या स्कूटरची किल्ली उचलली. "चला आई, नाशिक फाट्यावर बसला सोडते. आणि ऐका, परीक्षेत आठच्या आकड्यात गाडी फिरवताना खाली चाकाकडे बघायचं नाही. जिथं जायचं तिकडं बघायचं. मी बघत बसले, म्हणून पहिल्यांदा नापास झाले होते."

"तू?"

"कुणाला सांगू नका."

सासूबाई मांडीवर बॅग घेऊन सुनेच्या मागे बसल्या आणि फाटा येईपर्यंत दोघी हसत होत्या.

बुधवारी आरटीओच्या मैदानात भिमाबाईंच्या आधीच्या दोघांचे पाय जमिनीला टेकले आणि दोघेही नापास झाले. पहिला तर रोज मोटारसायकल उडवणारा तरणाताठा गडी होता. साहेबांनी पुढच्या नावाला वर पाहिलं. "आजी, लायसन कुणाला पाहिजे?"

"मलाच पायजे."

बरोबर आलेल्या राखीने डोळे मिटून घेतले. भिमाबाईंनी पदर कमरेला खोचला, हेल्मेटचा पट्टा लावला आणि गाडी सोडली. पहिल्या वळणाला गाडी जराशी डगमगली. त्यांनी खाली पाहिलं नाही. दुसरं वळणही निघालं. आठचा आकडा पुरा करून त्या थांबल्या, तेव्हाच पाय जमिनीला लागला.

"पास," साहेब म्हणाले. "पुढचा कोण?"

भिमाबाई गाडीवरून उतरल्या आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "राखे, जमलं गं!" नापास झालेल्या गड्याने सुद्धा टाळ्या वाजवल्या. पुण्याला फोन लागला तेव्हा भूषण म्हणाला, "हेल्मेट घालत जा." एवढं पुरे होतं.

पुढच्या महिन्यात शनिवारी सकाळी भिमाबाईंनी जिन्याखालची स्कूटर बाहेर काढली. गाडी महामार्ग स्टँडच्या पार्किंगला लावायची, पुण्याची बस धरायची आणि सोमवारी परत येऊन तिच्यावरूनच घरी यायचं, असा बेत होता. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या लंकाबाईंनी गॅलरीतून हाक मारली, "अगं भिमे, लेकाकडं का? किती दिवस?"

भिमाबाईंनी उत्तरादाखल मरून बॅग उंच करून दाखवली आणि ती पायांपाशी ठेवली. गाडीवर धूळ बसली होती. त्यांनी पदराने हँडल पुसलं, पुढची सीट पुसली. मग मागची, इतकी वर्षं त्यांची असलेली सीटही पुसली, जरा जास्तच वेळ, कडेपर्यंत. किल्ली फिरवली आणि त्या निघाल्या.